येते, म्हणाली होतीस

भूगावात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आधी हार्डवेअरचं दुकान, मग केकचं, मग कित्येक वर्षं अर्धवट उभी असलेली एक बिल्डिंग. तिच्या पाठीमागं साळूबाईंचं घर. खाली त्यांच्या स्वतःच्या खोल्या, पुढं शहाबादी फरशीचा ओटा, आणि वर भाडेकरूंसाठी चढवलेले मजले. शेत बिल्डरला देऊन मुलानं, शंभूनं, हे सगळं उभं केलं होतं. सगळ्यात वर गच्चीला लागून एक सुटी खोली होती. तिथं किमया राहायची.

किमया परभणीची. बावधनच्या एका कंपनीत नोकरी, पण बरंचसं काम घरूनच. मुलगी डोक्यानं थंड. गॅसचा वास आला तर आधी खिडकी उघडेल, मग शेगडी बघेल, आणि घाबरायचं राहूनच गेलं असेल तर सगळं निस्तरल्यावर सवडीनं घाबरेल. अशा मुलीच्या बाबतीत हे झालं म्हणून सांगायचं. एखाद्या भित्रीच्या बाबतीत झालं असतं तर कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

तिला जर्मनीला शिकायला जायचं होतं. तिथल्या विद्यापीठानं जागा दिली होती, पण अट घातली होती. जर्मन भाषेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणा, मगच या. लिहिणं, वाचणं, ऐकणं, यात ती पहिल्या झटक्यात पास झाली. बोलण्यात नापास. समोरच्या परीक्षक बाईंनी हसून नुसतं नाव विचारलं, आणि हिचं तोंड कुलूप घातल्यासारखं बंद झालं. स्वतःचं नावसुद्धा सांगता येईना. आता फेब्रुवारीत शेवटची संधी होती. ती गेली की जागा गेली. आणि नोकरीचा राजीनामा तर देऊन झाला होता, नोटिशीचे दिवस तेवढे भरायचे उरले होते.

"माणसासमोर बोलता येत नाही ना? मग मशीनसमोर बोल," ऑफिसातला मनीष म्हणाला आणि त्यानं एका ॲपची लिंक पाठवली. "मी पण करतोय. बोअर आहे, पण फुकट आहे."

किमयानं ते फोनवर घेतलं. कुठल्या भाषेतून शिकायचं, असं विचारलं तेव्हा यादीत मराठी होतं. तिला बरं वाटलं. मराठी निवडलं. पडद्यावर एका दाराचं चित्र आलं. अर्धवट उघडं दार, उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड. आतून एका बाईचा आवाज आला. आपलं नाव तिनं फ्राऊ लेंट्स, म्हणजे लेंट्सबाई, असं सांगितलं. आवाज वयस्कर, सावकाश, जरासा घसा बसल्यासारखा. बाई काही दिसायची नाही. ती दाराच्या आतून एक वाक्य म्हणायची, खाली त्याचं मराठी यायचं, मग एक गोल हलायला लागायचा, म्हणजे आता तुम्ही बोला. उत्तर बरोबर असलं की टिंग करून हिरवी खूण.

पहिल्याच दिवशी किमया घडाघडा बोलली. तिचं तिलाच नवल वाटलं. समोर चेहरा नाही, तर जीभ कशी मोकळी सुटली!

धड्याच्या शेवटी पडद्यावर आलं, 'निरोप घ्या.' जर्मनमधला निरोपाचा शब्द तिला चांगला पाठ होता. पण दुपारपासून मीटिंगा झालेल्या, डोकं शिणलेलं, त्यात कुकरची शिट्टी झाली, आणि उठता उठता तिच्या तोंडून सवयीनं गेलं, "बरं, येते हं."

टिंग.

तिनं वळून बघितलं. हिरवी खूण आली होती, आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'इश कोमं.' म्हणजे, मी येते आहे. तुमच्याकडं.

दाराच्या आतून आवाज आला, "गूट. विर वार्टन." खाली मराठी उमटलं, 'बरं. आम्ही वाट बघतो.'

दुसऱ्या दिवशी तिनं मनीषला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "अगं, आपण जाताना येते म्हणतो हे त्या मशीनला कोण सांगणार? शब्दाला शब्द ठेवला त्यानं. रिपोर्ट कर."

"केलं. उत्तर बरोबर आहे म्हणून आलं. आणि आता दुसरं काही म्हटलं की लाल खूण येते. तेच म्हणावं लागतं."

"मग म्हण की. फक्त तिकडं गेल्यावर घरमालकिणीला म्हणू नकोस. दाराबाहेर उभी राहून म्हणशील, येते येते, आणि ती म्हणेल, मग ये की गं बये आत!" मग त्यानं स्वतःचा फोन काढून बघितला. "पण तुझ्यात मराठी कुठून आलं? माझं तर इंग्रजीतूनच शिकवतं. मराठीचं बटणच नाहीये."

"अपडेट कर," किमया म्हणाली.

त्यानं केलं. तरी आलं नाही.

किमया रोज संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून धडा घ्यायची आणि रोज शेवटी म्हणायची, "इश कोमं." रोज आतून उत्तर यायचं, आम्ही वाट बघतो. तिला त्यात काही वाटायचं नाही. तिचं लक्ष व्याकरणावर. कुठल्या शब्दाला कुठलं लिंग, कुठं क्रियापद शेवटी ढकलायचं, यातच तिचा जीव.

वाक्यं साधीच होती. टेबल, खुर्ची, खिडकी. 'खिडकी बंद होत नाही.' 'झाडाची फांदी आत आली आहे.' 'घड्याळ पुढे आहे.' 'कपाला कान नाही.' मग हळूहळू दुसरी यायला लागली. 'आज आम्ही काही तळत नाही.' 'दिवा जमिनीवर आहे.' 'आज शेजारी जेवण आणतात.' दिवा जमिनीवर आहे, यात जमिनीला कुठला प्रत्यय लागतो, हे तिनं घोकून घोकून पक्कं केलं.

एक दिवस तिच्या लक्षात आलं की खालचं मराठी बदललंय. 'आहे'चं 'हाय' झालं होतं. 'हितं', 'तितं', 'न्हाई'. कुणीतरी इकडच्या माणसानं भाषांतर करून दिलं असणार, असं तिनं धरलं. दाराबाहेरच्या चपलाही वाढल्या होत्या. आधी एक जोड होता, आता उंबऱ्यापासून खाली पायरीपर्यंत पसरल्या होत्या. किती जण शिकताहेत ते दाखवत असतील. ते चित्र बरं काढलं होतं. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तिथं दोरी बांधलेली.

आता साळूबाईंचं. त्या दिवसभर ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थापा मारायच्या. थापा म्हणजे अशातशा नाही. गिरणीत बिबट्या दळणाच्या रांगेत उभा होता आणि त्यांनी त्याला, बायांची रांग हिकडं हाय, म्हणून हाकललं. चांदणी चौकातला जुना पूल सुरुंगाच्या दारूनं पडलाच नाही, त्या शिंकल्या तेव्हा पडला. भाडं शंभूच्या फोनवर जायचं, त्यामुळं घराच्या आत जायचं कुणाला कामच पडत नसे. पुढच्या खोलीला पडदा असायचा. किमयानं एकदा सहज आत डोकावलं, तर म्हातारी म्हणाली, "आत काय बगतीस? आत म्या न्हाई, म्या भाईर हाय."

जानेवारीतली दुपार होती. साळूबाई सुपात पावटे सोलत बसल्या होत्या. वर गच्चीवर ऊन तापलं म्हणून किमया फोन घेऊन खाली ओट्यावर आली.

"काय गं, जर्मनला कवा चाललीस?"

"पास झाले तर, आजी."

"माझ्याकडं हाय की जर्मनचं पातेलं. बुडाला पोचा गेलाय. घिऊन जा, त्यांचं त्यांना दिऊन टाक. न्हाईतर असं कर, मलाच घिऊन चल. पातेल्यात बसून यीन म्या."

"विमानात बसू देणार नाहीत पातेल्याला."

"मांडीवर घीन की! दाव तर, काय बोलत्यात ती लोकं?"

किमयानं धडा लावला. दाराचं चित्र आलं. साळूबाई मान वाकडी करून ऐकायला लागल्या. फ्राऊ लेंट्स म्हणाली, "दी लाम्पं श्टेट आउफ डेम बोडन." साळूबाईंनी लगेच मावळी हेल काढून तेच म्हटलं, आणि दोघी हसल्या.

"म्हंजी काय?"

"दिवा जमिनीवर आहे."

"बरं. पुढं?"

"आज आम्ही काही तळत नाही. शेजारी जेवण आणतात." किमया भराभर वाचत होती. "पीठ पसरलंय. पिठावर..." ती अडखळली. हे वाक्य नवीन होतं. "पिठावर अजून पाऊल न्हाई."

सुपातले हात थांबले होते.

"आजून?" साळूबाई म्हणाल्या.

"काय अजून?"

"आजून काय काय सांगतीया ती त्या घराचं?"

"काही नाही हो. खिडकी बंद होत नाही. झाडाची फांदी आत आलीय. घड्याळ पुढं आहे. असलंच."

"कुटलं झाड?"

"तसं लिहिलेलं नाही."

"असंल शेवगा," साळूबाई म्हणाल्या. मग त्यांनी वाकून चित्रातल्या चपला बघितल्या. "आन निगताना तू काय म्हनतीस गं?"

"येते म्हणते. तेच चालतं त्यात."

"रोज?"

"रोज."

"बाई गं," साळूबाई हळूच म्हणाल्या. "दुकवट्याच्या घरातनं निगताना येते म्हनत्यात व्हय?"

किमया हसणार होती. पण तिला आजोबांचं घर आठवलं. परभणीला आजोबा गेले तेव्हा ती लहान होती. माणसं यायची, भिंतीला टेकून बसायची, आणि मधेच उठून चालू पडायची. कुणी येतो म्हणायचं नाही, कुणी बरंय म्हणायचं नाही. तिनं आईला विचारलं होतं, हे असे न बोलता का जातात? आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. कोपऱ्यात जमिनीवर दिवा होता. त्याच्याभोवती पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती, गेलेल्याचं पाऊल कशाचं उमटतं ते बघायला.

हे सगळं तिला माहीत होतं. पण जर्मनमध्ये आलं म्हणून ओळखता आलं नाही.

गोल हलत होता. निरोप घ्या. तिनं फोन बंद केला.

वर जाऊन तिनं ते ॲप काढून टाकलं. घाबरून नाही, वैतागून. मशीन कुठून कुठून वाक्यं गोळा करतं, आपण त्यात अर्थ बघतो, झालं. पण तिनं दुसरं ॲप घेतलं तर त्यात हसणारी बाई होती, आणि ती दिसली की किमयाचं तोंड मिटायचं. मनीषनं व्हिडिओवर परीक्षक होऊन दाखवलं. तोंड मिटलेलंच. आरशासमोर उभी राहिली, तेही नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आली. परभणीहून आईचा फोन आला, थर्मल घेऊन ठेवलेत म्हणून, आणि त्या रात्री किमया काही जेवली नाही.

सकाळी तिनं ते ॲप परत घेतलं.

नव्यानं नाव विचारलं नाही. भाषा विचारली नाही. थेट दार आलं. उंबरा चपलांनी भरून गेला होता. धड्याचं नाव होतं भूतकाळ.

'आमी पानं मांडली.' 'जेवान गार झालं.' 'आमी वाट बगितली.'

आणि मग, 'तू म्हनली व्हतीस, येते.'

किमयानं सगळी वाक्यं म्हणून दाखवली. एकही चूक नाही. भाषा तोंडातून पाण्यासारखी वाहत होती. परीक्षेत हेच हवं होतं. शेवटी निरोप घ्या आलं तेव्हा तिनं फोन पालथा घातला आणि खाली साळूबाईंकडं गेली.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी एकही थाप मारली नाही, हेच खरं तर वाईट लक्षण होतं.

"येते म्हनलीस ते चुकून. मग मागारी फिरायचं ते बी रीतीनं," त्या म्हणाल्या. "सगळा धडा ऐकायचा. जसं बसायला गेल्यावर बसतो तसं बसायचं. आन शेवटाला निरोप न घेता उटायचं. गुमान."

"ते निरोप घेतल्याशिवाय सोडतच नाही, आजी. माईक चालू ठेवून बसतं."

"बसू दे की. आपन बी बसू. बगू कुनाचं ढुंगान आदी दुकतंय."

किमयाला हसू आलं. तिला वाटलं, चला, काही नाही तर म्हातारीचं समाधान.

रविवारी दुपारी दोघी ओट्यावर बसल्या. समोरच्या रस्त्यावर सिमेंटचा मिक्सर घरघरत होता, केकच्या दुकानातलं पोरगं गाडी धूत होतं. मधे फोन, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा. किमयानं धडा लावला.

धडा लहानच होता. भविष्यकाळ. तू येशील. तू बसशील. तू जेवशील. तिनं प्रत्येक वाक्य म्हटलं, प्रत्येकाला हिरवी खूण आली. साळूबाई पावटे सोलत राहिल्या.

मग पडद्यावर काहीच आलं नाही. निरोप घ्या हेही आलं नाही. फ्राऊ लेंट्सनं विचारलं, "कोम्स्ट डू?"

येतीस ना?

गोल हलायला लागला.

किमया गप्प बसली.

गोल हलत राहिला. मिक्सर बंद पडला होता. कधी पडला ते कळलं नव्हतं. गाडी धुणारं पोरगं आत गेलं होतं.

"कोम्स्ट डू?"

आता आवाज दाराच्या आतून येत नव्हता. उंबऱ्यावरून येत होता.

किमयाला घशात काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तिची जीभ दातांमागं जाऊन टेकली. ओठ ताणले गेले. तोंडातून हवा निघाली, "इश..."

ती काही बोलायला गेली नव्हती. परीक्षेत जे तोंड उघडेना, ते आता मिटेना.

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. हातांच्या आत ओठ हलतच होते.

साळूबाईंनी तिच्याकडं बघितलं. सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. चष्मा सारखा केला, फोनजवळ वाकल्या, आणि शेजारणीच्या दारातून निघताना म्हणतात तशा सुरात म्हणाल्या,

"बरं बाई. येते म्या."

टिंग.

मिक्सर सुरू झाला.

किमयाचे ओठ थांबले होते. चित्रातलं दार बंद झालं होतं. बाहेर एकही चप्पल नव्हती. खाली लिहिलं होतं, धडा पूर्ण.

"आजी! अहो, तुम्ही काय बोललात?"

"काय बोलले?" साळूबाईंनी डोळे मोठे केले. "उटले. उटताना त्वांडातनं निगतंच की ते. जन्माची खोड हाय." मग तोच मिस्कील चेहरा करून म्हणाल्या, "तू न्हाई ना बोललीस? मग झालं तर." सूप उचलून त्या पडद्याआड गेल्या.

त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं की त्या मुद्दाम म्हणाल्या, हे किमयानं पुढं बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं. म्हातारी जन्मभर थापा मारत आलेली. तिच्या चेहऱ्यावरून काय कळणार?

परीक्षेच्या खोलीत बाईंनी हसून नाव विचारलं. किमयानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि विचारलं नसतानाही परभणीच्या उन्हाळ्याबद्दल सांगितलं. बाईंनी, छान बोलता, असं म्हटलं. उच्चार जरा जुन्या वळणाचा आहे, कुठं शिकलात? ॲपवर, किमया म्हणाली.

येताना तिनं चांदणी चौकात पेढे घेतले. रिक्षातून उतरली, केकच्या दुकानावरून आत वळली आणि थांबली.

ओट्याखाली चपला होत्या. पायरीवर, रस्त्यावर, मिक्सरच्या चाकापर्यंत. त्यांत एकीचा अंगठा तुटलेला होता आणि तिथं दोरी बांधली होती.

"सकाळी चहा पिऊन हितंच बसली व्हती," शंभू म्हणाला. रडून त्याचा आवाज बसला होता. "म्या म्हनलं, ऊन लागंल, आत चल. तर म्हनली, जरा आलेच. आन भितीला डोकं टेकलं."

दुसऱ्या दिवशी किमया बसायला गेली. पडदा बाजूला करून ती पहिल्यांदाच त्या खोलीत शिरली.

दिवा जमिनीवर होता. पीठ पसरलेलं, वर टोपली. खिडकी मिटत नव्हती, कारण शेवग्याची फांदी गजांतून आत वाढलेली. भिंतीवरचं घड्याळ बरंच पुढं होतं. "आईनंच ठेवलंय," शंभू म्हणाला. "म्हनायची, यम आला तर येळ चुकंल त्याची." शेजारच्या रंभाबाई पिठलं-भात घेऊन आल्या आणि त्यांनी किमयाला पाणी दिलं. कपाला कान नव्हता.

प्रत्येक वस्तूचा जर्मन शब्द तिला आधी आठवत होता, मराठी मागून.

शंभूनं टोपली उचलून बघितली. "उमटलंय," तो म्हणाला आणि वाकून बघत राहिला. रंभाबाईंनी वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. काय उमटलंय ते किमयानं विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली, आणि मग कुणाकडं न बघता उठली. काही बोलली नाही. चपला घातल्या, चालू पडली, मागं बघितलं नाही. आजींनी सांगितलं होतं तसं, अगदी रीतीनं.

खोलीत गेल्यावर तिनं ते ॲप काढून टाकलं. आणि जुना फोनही बदलला, कारण थोडंसं घाबरायचं तिचं अजून राहिलं होतं.

मार्चच्या शेवटी ती जर्मनीला पोचली. गाव लहान, स्वच्छ, थंड. घरमालकीण गोरटेली, हसरी, किल्ली देऊन लगेच निघून जाणारी. किमयानं तिला निरोपाचा बरोबर शब्द म्हटला आणि तिनंही तोच म्हटला.

खोलीत आल्यावर तिनं आधी खिडकी बघितली. खिडकी रबराच्या कडांनी घट्ट मिटत होती. बाहेर झाड नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ फोनशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही. कपाटातले सगळे कप बाहेर काढून टेबलावर मांडले. सगळ्यांना कान होते. मग ती स्वतःलाच हसली आणि चहा टाकला.

आईला फोन लावावा म्हणून तिनं नवा फोन हातात घेतला, तेव्हा तो टिंग असा वाजला.

वर एक दाराचं चित्र आलं होतं. लहानसं, नखाएवढं. पूर्ण उघडं. शेजारी दोन ओळी होत्या. पहिली मराठीत.

'बरं बाई. येतो आमी.'

किमया चहाकडं पाठ करून ती ओळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, म्हातारीनं निरोप घेतला. आपल्याकडं निघताना असंच म्हणतात. मशीनला हे एकदाचं कळलं म्हणायचं.

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. ती जर्मनमध्ये होती. त्या भाषेत कुणी हे निरोपाला म्हणत नाही. त्याचा अर्थ एकच होतो, तुमच्याकडं यायला निघालोय.

'विर कोमन.'